उलट्या घड्याळाची शिस्त

दिल्ली मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे काम चालू होते तेव्हा बांधकामाच्या जागी आणि कार्यालयांत आकड्यांचा एक फलक हमखास दिसायचा. किती वाजले हे त्यावर नसायचे; ठरलेला टप्पा संपवायला किती दिवस उरले, तेवढेच असायचे. रोज सकाळी आकडा एकाने उतरलेला. त्यासाठी कुणाला कुणावर ओरडावे लागत नसे. मुख्य अभियंता असो की मुकादम, येता-जाता नजर तिकडे जायचीच. हे उलटे घड्याळ दिल्लीत लावणारे ई. श्रीधरन त्याआधी सात वर्षे नवी मुंबईतल्या बेलापूरहून कोकण रेल्वे बांधत होते, आणि उरलेले दिवस मोजण्याची सवय तिथूनच त्यांच्याबरोबर आली होती.

कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर मार्ग, ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे २,००० पूल आणि दरवर्षी चार महिने काम अडवणारा पाऊस. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि तेवढ्या एका बोगद्याने कित्येक वर्षे खाल्ली. तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. तोवर श्रीधरन दिल्लीला पोचले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांनी दिल्ली मेट्रो रेल महामंडळाची सूत्रे हाती घेतली तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला काम सुरू झाले, २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग धावू लागला, आणि सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा ठरलेल्या मुदतीच्या जवळपास पावणेतीन वर्षे आधी पुरा झाला.

एवढ्या मोठ्या कामाचा कर्ता माणूस रात्री अकरापर्यंत कार्यालयात बसत असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात श्रीधरन संध्याकाळी वेळेवर घरी निघणाऱ्यांपैकी होते. पहाटे लवकर उठणे, योगासने व प्राणायाम, गीतेचे वाचन, वेळेवर कार्यालय, संध्याकाळी फेरफटका आणि रात्री लवकर झोप, असा त्यांचा क्रम होता. कार्यालयाचे काम कार्यालयातच संपवायचे, फाइल घरी न्यायची नाही, हा नियम. मेट्रोच्या यशाच्या कथेत बोगदे खोदणाऱ्या यंत्रांची चर्चा खूप होते. वरिष्ठाच्या दिवसाला असलेल्या या कुंपणाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

कुंपणाची गरज का पडते, हे पाहायला आज दिल्लीच्या जवळच जावे लागते. गुरुग्राम आणि नोएडाच्या काचेच्या इमारतींत दरवर्षी हजारो तरुण पहिल्यांदा ‘टीम लीड’ किंवा ‘मॅनेजर’ होतात. त्यांत पुण्या-नागपूरहून आलेले मराठी इंजिनियरही पुष्कळ. कालपर्यंत स्वतःचे काम चोख केले की दिवस चांगला गेला असे म्हणता येत होते. बढतीनंतर हिशेबच बदलतो. आता दिवस चांगला गेला की नाही, हे दुसऱ्या आठ-दहा जणांच्या कामावरून ठरते. पण सवयी जुन्याच राहतात. नवा टीम लीड स्वतःचे जुने काम सोडत नाही, नवे अंगावर घेतो, आणि दोन्ही पुरे करायला रात्रीचे तास मोडतो. सकाळी नऊला कॅबमध्ये बसल्याबसल्या व्हॉट्सॲपवरचे संदेश, दहापासून मीटिंगा, मध्येच ‘साहेब, दोन मिनिटं’ म्हणत डोकावणारे, आणि खरे काम सुरू होते ते सगळे घरी गेल्यावर.

ही तक्रार नवी नाही. कॅनडाचे व्यवस्थापन-अभ्यासक हेन्री मिन्ट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांजवळ एकेक आठवडा बसून ते दिवसभर काय करतात याची नोंद केली आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. शांतपणे बसून योजना आखणारा साहेब त्यांना कुठेच सापडला नाही. अधिकाऱ्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत संपत होती. तासाभरापेक्षा जास्त चालणारी कामे दहात एक. दिवस म्हणजे नुसते तुकडे. पुढे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया या हार्वर्डच्या दोघा प्राध्यापकांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ प्रमुखांच्या तेरा आठवड्यांच्या वेळेची नोंद करवून घेतली. २०१८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात हे प्रमुख आठवड्याला सरासरी साडेबासष्ट तास काम करत होते आणि त्यातला ७२ टक्के वेळ बैठकांत जात होता. अंगावर येऊन पडलेल्या गोष्टी निस्तरण्यात ३६ टक्के वेळ गेला. हाताशी सचिव, सहायक, गाडी, सगळे असलेल्या माणसांची ही गत असेल, तर नव्या टीम लीडला दोष कसा द्यायचा?

तरी तुकड्यांच्या या दिवसातून वाट काढणारे लोक असतात. दिल्लीतले एक मराठी उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्रात तेव्हा म्हटले गेले आणि अजूनही म्हटले जाते. पण धावून गेलेल्या माणसापुढे काय वाढून ठेवले होते? वय ४९. राज्याच्या मुख्यमंत्रिपदाचा अनुभव होता, केंद्राचा नव्हता. सैन्याचा आत्मविश्वास खचलेला. आधीच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातले संबंध बिघडलेले. लष्करप्रमुख नुकतेच बदललेले. संसदेत रोज प्रश्नांची सरबत्ती.

चव्हाणांनी भाषणांपेक्षा एका साध्या सवयीवर भर दिला. साउथ ब्लॉकमध्ये रोज सकाळी संरक्षणमंत्र्यांची बैठक होऊ लागली. तिन्ही सेनादलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव एकाच वेळी, एकाच खोलीत. कुणाचे काय अडले आहे, कशावर निर्णय हवा आहे, हे समोरासमोर निघायचे. फाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत बसण्यापेक्षा प्रश्न तिथल्या तिथे सुटायचा. त्याहून मोठा फायदा म्हणजे ही माणसे एकमेकांना रोज भेटू लागली. मंत्र्याला गाठायचे कसे, हा प्रश्नच उरला नाही. उद्या सकाळी भेट ठरलेलीच होती.

या सवयीची परीक्षा तीन वर्षांनी झाली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. त्या दुपारी हवाई दलाची मदत मागितली गेली तेव्हा चव्हाणांनी काही मिनिटांतच होकार दिला, आणि संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. जोखीम मोठी होती. हवाई दल उतरले की लढाईचे रूप बदलते, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण निर्णय घेणारा आणि निर्णय मागणारे एकमेकांना अनोळखी नव्हते. तीन वर्षे रोज सकाळी बसून जो विश्वास जमला होता, तो त्या मिनिटांत खर्ची पडला. २३ सप्टेंबरच्या युद्धबंदीपर्यंत रोजची सकाळची बैठक समन्वयाची मुख्य जागा राहिली.

चव्हाणांची दुसरी सवय खासगी होती. युद्धाच्या त्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत होते. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी २००७ मध्ये ती पुस्तकरूपाने लोकांसमोर आणली. दिवसभर निर्णयांच्या धबडग्यात असलेल्या माणसाने रात्री चार ओळी लिहिणे ही चैन वाटेल. पण आज काय ठरले, का ठरले आणि मनात शंका कसली होती, याचा हिशेब दुसरा कोण ठेवणार? वाढत्या जबाबदारीच्या माणसाला सगळे लोक बातम्या आणून देतात. स्वतःच्या निर्णयाबद्दल खरे बोलणारे मात्र दिवसेंदिवस कमी होत जातात. तेव्हा वहीचाच काय तो आधार.

श्रीधरन यांच्याकडे वळले तर तिथेही रोजच्या क्रमाला जोडून एक आठवड्याचा क्रम दिसतो. सोमवारी सकाळी विभागप्रमुखांची बैठक. मागच्या सोमवारी जे ठरले ते झाले का, आणि नसेल तर कुणाच्या टेबलावर अडले, एवढाच विषय. निर्णयाचे अधिकार खाली वाटून दिलेले, त्यामुळे लहानसहान खरेदीची फाइल वरपर्यंत चढत नसे. माणसे कमी, पण निवडून घेतलेली. वरिष्ठ वेळेवर घरी जाऊ शकतो तो अशा व्यवस्थेमुळे. एकट्याने कितीही निर्धार केला तरी, प्रत्येक सहीसाठी लोक त्याच्याच दाराशी उभे असतील तर सहा वाजता दार बंद करणे त्याला जमणार नाही.

काय सोडायचे हेही त्यांनी दाखवले. मेट्रोचे रूळ जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्टँडर्ड गेज’चे असावेत, असे श्रीधरन यांचे ठाम मत होते. रेल्वे खात्याला भारतीय रेल्वेसारखे ‘ब्रॉडगेज’ हवे होते. २००० साली सरकारने ब्रॉडगेजच्या बाजूने कौल दिला. श्रीधरन यांना तो पटला नव्हता आणि ते त्यांनी लपवलेही नाही. पण वादात वर्ष घालवण्यापेक्षा ब्रॉडगेजची मेट्रो बांधून दाखवणे त्यांनी पसंत केले. पुढे दुसऱ्या टप्प्यात काही मार्गांना स्टँडर्ड गेजची परवानगी मिळाली. हरलेल्या वादाला दिलेली वेळ ही सगळ्यांत महाग वेळ असते, कारण तिचा खर्च हाताखालच्या प्रत्येकाला बसतो.

ही पारख त्यांना साठीनंतर आली नव्हती. डिसेंबर १९६४ मध्ये चक्रीवादळाने रामेश्वरला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल मोडला, तेव्हा दुरुस्तीचे काम ३२ वर्षांच्या श्रीधरन यांच्याकडे आले. रेल्वेने सहा महिन्यांची मुदत धरली होती, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. पूल ४६ दिवसांत उभा राहिला. त्यामागे अहोरात्र मेहनत होती, पण निर्णायक गोष्ट वेगळी होती. नवे गर्डर दूरदूरहून मागवण्यात महिने गेले असते. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडल्याचे मच्छीमारांकडून कळले आणि तेच वर काढून बसवण्याचे ठरले. काम किती तास केले, यापेक्षा कोणते काम टाळता आले, यावर मुदत पाळली गेली.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात निकडीचे आणि महत्त्वाचे असा भेद सांगितला होता, आणि तोही एका जुन्या महाविद्यालयप्रमुखाच्या नावावर. पुढे स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने त्याचा चार घरांचा तक्ता जगभर पोचवला. आज गुरुग्रामच्या कुठल्याही प्रशिक्षण वर्गात हा तक्ता फळ्यावर काढला जातो. तक्ता सोपा आहे. अडचण येते ती ‘महत्त्वाचे पण निकडीचे नाही’ या घरात. नव्या सहकाऱ्याला शिकवणे, चूक होण्याआधी दुरुस्त करणे, पुढच्या तिमाहीचा विचार करणे या कामांसाठी कुणी फोन करत नाही. म्हणून त्यांना दिवसातला ठरावीक तास द्यावा लागतो, आणि तो तास रोज तोच असावा लागतो. चव्हाणांची सकाळ आणि मेट्रोचा सोमवार ही याच घराची राखीव जागा होती.

असा तास अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे बऱ्याच व्याख्यानांत सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा नवी सवय आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. माणसागणिक फरक प्रचंड होता, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. धीर देणारी गोष्ट अशी की मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नव्हती.

दिल्लीत दिवस चुकणारच. जानेवारीच्या धुक्यात विमाने आणि गाड्या तासन् तास खोळंबतात. नोव्हेंबरमध्ये हवा बिघडली की निर्बंध लागतात, शाळा ऑनलाइन जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले होते. संध्याकाळी एनएच-४८ वर अडकलेल्या माणसाला पोचायची वेळ सांगता येत नाही. म्हणूनच राजधानीत कित्येक जण गाडी असूनही मेट्रोने जातात. मेट्रो दर वेळी जास्त वेगाने पोचवते असे नाही, पण किती वाजता पोचवेल हे आधी सांगता येते. ज्याच्यासाठी दहा माणसे थांबलेली आहेत, त्याला दहा मिनिटे वाचण्यापेक्षा ठरल्या वेळी पोचणे अधिक मोलाचे.

पहाटे उठणाऱ्या कर्तबगार माणसांच्या गोष्टी वाचताना एक आकडा शेजारी ठेवावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. हे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे. आदल्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पहाटेचा योग आणि वाचन ज्याला साधते, त्याचा डबा बहुधा दुसरे कुणीतरी भरत असते. नोएडातल्या एखाद्या महिला टीम लीडला ‘पाचला उठा’ हा सल्ला देणे सोपे आहे. ती पाचलाच उठलेली असते, पण तो तास तिचा नसतो. घरातल्या कामाची वाटणी बदलल्याशिवाय तिच्या दिवसाला कुंपण घालता येणार नाही, आणि कार्यालयाने संध्याकाळी सातची मीटिंग ठेवली तर घातलेले कुंपणही मोडेल.

मुदतीच्या शिस्तीलाही किंमत असते. १२ जुलै २००९ रोजी दक्षिण दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा बांधकामाधीन पूल कोसळून कामगारांचा मृत्यू झाला. राष्ट्रकुल स्पर्धा सव्वा वर्षावर आल्या होत्या आणि कामाला वेग होता. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला. विमानतळाकडे जाणारा मार्ग स्पर्धांपूर्वी तयार व्हायचा होता, तो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला आणि जुलै २०१२ मध्ये दोषांच्या दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवावा लागला. उरलेले दिवस दाखवणारा फलक किती बाकी आहे ते सांगतो. कुठे थांबायला हवे ते सांगत नाही. ते पाहणे फलक लावणाऱ्याचे काम.

श्रीधरन ३१ डिसेंबर २०११ रोजी मेट्रोतून निवृत्त झाले. वक्तशीरपणा त्यांच्याबरोबर निघून गेला नाही. दिल्ली मेट्रो आजही गाडीचा उशीर मिनिटाच्या हिशेबात मोजते, आणि ज्यांनी श्रीधरन यांना कधी पाहिलेले नाही असे कर्मचारी ते मोजतात. वरिष्ठाच्या सवयीची खरी कसोटी इथे लागते. तो खोलीत नसताना, किंवा नोकरीतच नसताना, ती सवय चालू आहे का?

नव्याने जबाबदारी आलेल्या वाचकाने सुरुवात पहाटेच्या गजरापासून करण्याची गरज नाही. एक आठवडाभर अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवावी; कशात किती वेळ गेला हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो. मग रोजचा एक तास आणि आठवड्याची एक बैठक पक्की करावी, आणि ती सहजासहजी हलवू नये. हाताखालच्या दोघा-तिघांना एवढेच विचारावे, की माझ्यामुळे तुमचे कोणते काम अडले आहे. जी यादी येईल तिच्यातले पहिले काम उद्या सकाळी, फोन उघडण्याआधी संपवावे.